पदवी मोठी की पाना?

आपल्यापैकी बहुतेकांच्या कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत 'विनाअनुदानित' हा शब्द छापलेला असतो. आपण तो फी भरायच्या दिवशीच काय तो वाचतो. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात खाजगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. त्याआधी इंजिनिअर व्हायचं तर मोजक्या जागांत नंबर लागला पाहिजे, नाहीतर डोनेशन भरून कर्नाटकात जायचं. वसंतदादा स्वतः शाळेत फार शिकलेले नव्हते. स्वातंत्र्यलढ्यात सांगलीचा तुरुंग फोडून पळालेला हा माणूस. पुढे त्यांनी सांगलीला सहकारी साखर कारखाना उभा केला. म्हणजे ज्यांच्याकडे पदवी नव्हती त्यांनी आपल्यासाठी पदवीचं दार उघडलं. आणि आज पुण्याजवळ मांजरीला साखरेचं उच्च शिक्षण देणारी संस्था त्यांच्याच नावाने चालते.

ही गोष्ट कॅन्टीनमध्ये सांगितली की लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, "बघा, शिक्षणावाचून काही अडत नाही." दुसरा म्हणतो, "अडत नसतं तर त्यांनी कॉलेजं कशाला काढू दिली असती?" मग चहा संपतो, प्रॅक्टिकलची वेळ होते आणि वाद तिथंच राहतो. मला मात्र यंदा हा वाद अर्ध्यावर सोडता येत नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

मी मूळचा कासारसाईचा. मुळशी तालुक्यातलं हे गाव धरणामुळे पुण्या-पिंपरीच्या लोकांना रविवारपुरतं माहीत आहे. गावाच्या एका अंगाला श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना, कासारसाई-दारुंब्रे. दुसऱ्या अंगाला काही किलोमीटरवर हिंजवडीचं आयटी पार्क. गाळपाचा हंगाम सुरू असला की रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि कंपन्यांच्या बसेस एकामागे एक अडकलेल्या असतात. बसमधला मोबाइलवर बोटं फिरवत असतो आणि गाडीवानाचा हात बैलाच्या पाठीवर असतो. दोघांचंही काम हातानेच चाललंय असं म्हटलं तर आमच्या सरांना विनोद वाटेल. पण पगाराची स्लिप बघितली की विनोद संपतो.

आमच्या घरातले अण्णा, म्हणजे माझे चुलते, साखर कारखान्यात पॅनमन होते. शिक्षण नववी. दोन-तीन कारखान्यांत मिळून तीसेक हंगाम काढले. मेकॅनिकलच्या मुलांना मिल, टर्बाइन, बॉयलर माहीत असतं, पण पॅनमन म्हणजे काय हे बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मला वाटतं या विषयाचं अर्धं उत्तर त्या पॅनमध्येच आहे.

उसाचा रस काढला, तापवला, चुना आणि सल्फर डायऑक्साइड देऊन स्वच्छ केला, इव्हॅपोरेटरमध्ये आटवला की घट्ट सिरप मिळतो. तो व्हॅक्यूम पॅनमध्ये येतो. पॅनमधली हवा खेचून घेतलेली असल्यामुळे सिरप शंभराच्या वर न जाता साधारण ६५-७० अंशांनाच उकळतो, त्यामुळे साखर करपत नाही, तिचा रंग जात नाही. इथं दाणा धरतो. पाण्यात जेवढी साखर विरघळू शकते त्यापेक्षा थोडी जास्त साखर त्यात असली तरच दाणा वाढतो. यालाच आपण सुपरसॅच्युरेशन म्हणतो. ती जास्तीची साखर कमी पडली तर असलेला दाणा विरघळायला लागतो. फार वाढली तर आधीच्या दाण्याशेजारी हजारो नवे बारीक दाणे उठतात. पुस्तकात त्याला फॉल्स ग्रेन म्हणतात, अण्णा 'खोटा दाणा' म्हणतात. हा खोटा दाणा पुढे सेंट्रिफ्यूगलच्या जाळीत अडकतो, मळी नीट सुटत नाही, साखर धुवावी लागते, म्हणजे पुन्हा पाणी, पुन्हा वाफ. दोन्हींच्या मधला जो अरुंद पट्टा आहे त्यात कित्येक टनांचा पॅन तासन्‌तास धरून ठेवायचा, हे पॅनमनचं काम.

तो ते कसं करतो? प्रूफ स्टिकने पॅनमधला नमुना काढतो, काचेच्या तुकड्यावर पसरतो, उजेडासमोर धरतो. मग अंगठा आणि बोट यांच्यामध्ये तो चिकट सिरप घेऊन बोटं हळूच लांब करतो आणि तार किती लांब जाते ते बघतो. आपल्या आया लाडवांसाठी एकतारी पाक बघतात, अगदी तसंच. फरक इतकाच की आईचा पाक बिघडला तर लाडू कडक होतात, इथं पॅन बिघडला तर एक पाळी वाया जाते. तार बघून अण्णा वाफ कमी-जास्त करायचे, सिरपचा व्हॉल्व्ह थोडा उघडायचे, कधी पाणी मारायचे. मी एकदा विचारलं, "अण्णा, तार किती इंच झाली की व्हॉल्व्ह उघडायचा?" ते म्हणाले, "इंचावर नसतं रं. ऊस कुठला, कधी तोडलेला, रस कसा आलाय, त्यावर असतं. बोटाला कळतं."

बोटाला कळतं! आपल्या परीक्षेत असं उत्तर लिहिलं तर शून्य मार्क. पण हे ज्ञान नाही असं कोण म्हणेल? मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९५० आणि ६० च्या दशकांत यावर पुस्तकं लिहिली. माणसाला येत असतं पण शब्दांत सांगता येत नाही अशा ज्ञानाला त्याने इंग्रजीत टॅसिट असं नाव दिलं. अण्णांनी त्याचं नाव ऐकलेलं नाही, आणि बहुधा त्यानेही पॅनमन पाहिला नसावा.

आता दुसरी बाजू. २०१८ पासून केंद्र सरकारने बी हेवी मळीपासून इथेनॉल करायला परवानगी दिली. तोपर्यंत आपल्याकडे साधारणपणे ए, बी, सी असे तीन वेळा पॅन शिजवून मळीतली शेवटची साखर काढायचे. बी हेवीत दोनदाच शिजवायचं आणि उरलेली साखर मळीबरोबर डिस्टिलरीला पाठवायची. इथं कुठला सिरप कुठल्या पॅनला, किती टन, वाफ किती वाचणार, हा सगळा हिशोब नव्याने मांडावा लागला. तो बोटाला कळत नाही. त्याला मास बॅलन्स लागतो, हीट बॅलन्स लागतो, कागद-पेन्सिल लागते. अण्णाच सांगतात, त्या काळात एक तरुण केमिस्ट रात्रभर बसून आकडे मांडायचा आणि सकाळी तिघा पॅनमनना समोर घेऊन समजावायचा. त्यांना तो आवडायचा, कारण समजावून झाल्यावर तो पॅनवर यायचा आणि विचारायचा, "आता तुम्ही सांगा, माझं काय चुकतंय?"

माझ्या मते शिक्षणाची खरी किंमत इथं दिसते. हाताचं ज्ञान त्या पॅनपुरतं, त्या उसापुरतं पक्कं असतं. परिस्थिती बदलली की ते चाचपडतं. पुस्तकाचं ज्ञान पहिल्या दिवशी कुठल्याच पॅनवर पक्कं नसतं, पण ते एका कारखान्यातून दुसऱ्यात, साखरेतून औषधात, औषधातून आणखी कशात नेता येतं. पदवी म्हणजे हलवता येणारं ज्ञान. पण पॅनसमोर उभं राहून ते खाली उतरवावं लागतं आणि ते उतरवायला कोणीतरी बोटवाला लागतो.

पुढे अण्णांच्या शेवटच्या कारखान्यात पॅन ऑटोमॅटिक करायचं ठरलं. कंट्रोलर बसवायला आलेले इंजिनिअर तीन दिवस अण्णांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. "आत्ता का उघडला? आत्ता का थांबलात?" अण्णांची तार बघायची आणि त्याच क्षणी कंडक्टिव्हिटी मीटरचा आकडा लिहून घ्यायचा. ते आकडे मग सेट पॉइंट झाले. म्हणजे अण्णांची बोटं आता त्या पॅनेलमध्ये आहेत. हंगाम सुरळीत गेला. अण्णांना काय मिळालं? शाल आणि नारळ. सुपरवायझरची जागा रिकामी होती, पण जाहिरातीत 'शैक्षणिक पात्रता : बी. एस्सी.' असं होतं. कारखान्याचं नाव इथं द्यायचं कारण नाही, कारण जाहिरात कुठल्याही कारखान्याची घेतली तरी बहुधा अशीच असते.

मला राग येतो तो इथं. पदवीला किंमत आहे यात वाद नाही. वाद आहे तो मधला जिना काढून टाकण्याचा. खालचा माणूस कितीही शिकला तरी वर चढायचं नाही आणि वरच्याने कधी खाली उतरायचं नाही, अशी इमारत आपण बांधली आहे.

सगळीकडे असं नाही, हेही सांगायला हवं. त्याच कारखान्यातल्या बॉयलरकडे बघा. बॉयलर फुटला तर माणसं मरतात, त्यामुळे तिथं कायद्याने लाड चालू दिले नाहीत. अटेंडंटला सरकारी परीक्षा द्यावी लागते; दुसऱ्या वर्गाचा दाखला, मग अनुभवानंतर पहिल्या वर्गाचा. आणि आपल्यासारख्या पदवीवाल्याला बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा द्यायची तर नुसतं डिग्री सर्टिफिकेट चालत नाही, प्रत्यक्ष काम केल्याचा दाखला जोडावा लागतो. हाताला परीक्षा आणि पुस्तकाला अनुभव, दोन्ही सक्तीचं. जीवावर बेतलं की आपल्याला दोन्हींची किंमत बरोबर कळते!

जर्मनीत हा जिना जवळजवळ सगळ्या धंद्यांना आहे. तिथं शिकाऊ कामगार आठवड्यातले काही दिवस कंपनीत आणि काही दिवस शाळेत असतो. पुढे अनुभव आणि परीक्षा यांच्या जोरावर तो माइस्टर होतो, आणि त्यांच्या राष्ट्रीय पात्रता आराखड्यात माइस्टर आणि बॅचलर पदवी एकाच, सहाव्या पातळीवर ठेवलेले आहेत. आपल्याकडे पुण्यातसुद्धा सुरुवात अशीच होती म्हणा. आजचं सीओईपी १८५४ साली सुरू झालं तेव्हा त्याचं नाव 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' होतं, आणि बांधकाम खात्याला हाताखालची शिकलेली माणसं मिळावीत हा त्याचा हेतू होता. क्लासही आणि स्कूलही. पुढे क्लास वाढत गेला आणि हाताचं शिक्षण आयटीआय नावाने वेगळ्या कंपाउंडात गेलं. आपल्या वाट्याला वर्कशॉपमधला तो चौकोनी फिटिंग जॉब उरला. आणि तोही किती जण स्वतः घासतात, हे वर्कशॉपच्या मामांना विचारा.

साखरेच्या धंद्यातलं सगळ्यात चांगलं उदाहरण मात्र प्रवरेचं. लोणीचे शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील आणि पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. एकाचं शिक्षण गावच्या शाळेपुरतं, दुसरे केंब्रिजला शिकलेले. विखे गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भाग जमा करत होते आणि गाडगीळ सहकाराची घडी कागदावर बसवत होते. १९५० च्या सुमाराला प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला आणि पुढचे सगळे, आमच्या कासारसाईचासुद्धा, त्याच वाटेने आले. दोघांपैकी कोण मोठा, असं कोणी विचारत नाही.

इथं एक धोका आहे. हाताच्या कामाचं कौतुक करता करता माणूस भलतीकडे जातो. श्रमप्रतिष्ठेवर निबंध लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी ऊस तोडलाय? दर हंगामात मराठवाड्यातून, बीडकडून, ऊसतोड कामगार येतात. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको दोघं पहाटेपासून फडात. त्या जोडप्याला 'एक कोयता' म्हणतात. माणसाला हत्याराचं नाव! त्यांची पोरं पाचटाच्या कोपीशेजारी धाकट्या भावंडांना सांभाळतात. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, २००९ चा शिक्षणहक्क कायदा आला, तरी हंगामात अशी पोरं फडाच्या कडेला दिसतातच. त्यातल्या एखाद्या पोरीला आपण सांगणार का, की "कष्टाचं काम थोर असतं, शाळा नसली तरी चालेल"? तिच्या आईच्या हातातही कसब आहे, बुडख्यापासून साळून मोळी बांधायचं. पण ते काम तिने निवडलेलं नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हाच मुद्दा घेतला आहे. जातीची बाजू घेणारे तिला श्रमाची विभागणी म्हणायचे. बाबासाहेबांचं म्हणणं, इथं कामांची नव्हे तर माणसांचीच कप्प्याकप्प्यांत विभागणी झाली आहे, आणि कप्पा बदलायची मुभा नाही. आमच्या गावाच्या नावातही कासार हा हातकामाचा शब्द ऐकू येतो. लोहार, सुतार, कुंभार, कासार यांच्याकडे काय कमी ज्ञान होतं? पण त्याला कोणी विद्या म्हटलं नाही, आणि त्यांच्या पोरांना दुसरं काही करायची मोकळीक नव्हती. म्हणून ज्या घरात पहिल्यांदा कोणी पदवीधर होतो तिथं पदवीचा हिशोब नुसत्या पगारात होत नाही. बापाचं काम करायचं की नाही हे आता मी ठरवणार, असं त्या कागदावर न छापलेलं एक वाक्य असतं.

आता माझी अडचण सांगतो. माझी धाकटी बहीण यंदा दहावी झाली. ८२ टक्के पडले. ती म्हणते, मला आयटीआयला इलेक्ट्रिशियन करायचंय. घरात भूकंप! आमच्याकडे ठरलेलंच आहे ना, चांगले टक्के म्हणजे सायन्स, मधले म्हणजे डिप्लोमा, आणि डोकं चालत नाही तो आयटीआयला. आई म्हणते, "पोरीच्या जातीला खांबावर चढवायचं का?" बाबा म्हणतात, "२०२४ पासून सरकारने डिग्रीच्या मुलींची फी माफ केली, आणि ही उलटी चाललीय." माफी आहे हे खरं, ठराविक प्रवर्गांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ होते. मी इंजिनिअरिंगला, म्हणून निकाल द्यायचं काम माझ्याकडे आलं.

माझा थोरला चुलतभाऊ आयटीआय फिटर आहे. तो अठराव्या वर्षी कमवायला लागला. माझ्या शिक्षणावर तेव्हापासून घरचं कर्ज चढतंय. पण तो एका कंपनीत कंत्राटी आहे. काही महिने झाले की 'ब्रेक', मग पुन्हा नवीन कागद, पुन्हा तोच पगार. त्याला विचारलं तर म्हणाला, "आयटीआय वाईट नाही, आयटीआयवर थांबणं वाईट." पाच वर्षांत त्याच्या हाताखाली शिकून गेलेले डिप्लोमावाले त्याचे साहेब झाले.

मग मी कॅलेंडरच्या मागे गणित मांडलं. दहावीनंतर अकरावी-बारावी दोन वर्षं आणि डिग्री चार, एकूण सहा. आयटीआय दोन वर्षं, तिथून थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे आणखी दोन, तिथून थेट डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे आणखी तीन. एकूण सात. फरक एका वर्षाचा! आणि त्या वर्षाच्या बदल्यात हातात एक ट्रेड, मध्ये कधीही थांबायची आणि कमवायची सोय. आमच्या वर्गातले डायरेक्ट सेकंड इयरचे मित्र बघा, मोटर उघडायची म्हटलं की आपण मॅन्युअल शोधतो, ते पाना शोधतात.

बाबांना हे पटलं नाही, पण ते गप्प बसले. अडचण दुसरीकडे आहे आणि ती मी बहिणीला साफ सांगितली. हा जिना कागदावर आहे, पण त्याच्या पायऱ्या उंच आहेत. वरच्या जागा कमी असतात. आयटीआयमध्ये अकरावी-बारावीचं गणित होत नाही, आणि मग डिग्रीला एम-थ्री समोर उभा राहतो. डायरेक्ट सेकंड इयरच्या ज्या मित्रांची मी एवढी तारीफ केली त्यांतल्या निम्म्यांची केटी एम-थ्रीतच आहे. त्यांना इंटिग्रेशन येत नाही असं नाही, त्यांना ते कोणी शिकवलंच नाही.

बहीण म्हणाली, "तू शिकव मग."

अण्णा तोवर कोपऱ्यात पान जुळवत बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं की हिला बाहेरच्या कारखान्यात अप्रेंटिस कुठं करता येईल, आणि तिथं शिकवणारा माणूस कोण आहे. घरात एवढ्या चर्चा झाल्या, पण हा प्रश्न त्यांच्याशिवाय कोणाच्या डोक्यात आला नव्हता. आयटीआयचा ऑनलाइन फॉर्म भरायला आठ दिवस आहेत. पहिला पसंतीक्रम इलेक्ट्रिशियन, दुसरा फिटर, असं तिने वहीत लिहून ठेवलंय. माझी बारावीची गणिताची दोन्ही पुस्तकं पोटमाळ्यावरून खाली काढली आहेत. रविवारी सकाळी दोन तास ठरलेत, आणि बाबांची सही अजून व्हायची आहे.